चावी आणि ठेका

एक गाव होतं. तालुक्याचं ठिकाण. आठवडी बाजार मोठा, एस.टी. स्टँड त्याहून मोठं आणि नगरपालिका दोन्हींपेक्षा जुनी. वस्ती पंचवीस हजारांच्या जराशी वर, म्हणजे सरकारी भाषेत 'क' वर्ग नगरपरिषद. लोक तिला नुसतं 'पालिका' म्हणत आणि बहुतेक वेळा वैतागूनच म्हणत.

वैतागायला कारणंही होती. सफाई कामगार सकाळी हजेरी लावत आणि ऊन तापायच्या आत दिसेनासे होत. रस्त्यावरचे दिवे दुपारी जळत आणि रात्री विझत. पाणी एक दिवसाआड येई, तेही तात्यांच्या मर्जीनं.

तात्या म्हणजे पालिकेचे व्हॉल्व्हमन. त्यांच्या सायकलीच्या दांडीला कमरेएवढी लोखंडी चावी बांधलेली असे. गावात 34 व्हॉल्व्ह होते आणि ते सगळे तात्यांना पाठ होते. कुठला किती आटे फिरवला की वरच्या आळीला पाणी चढतं, कुठला आधी बंद केला नाही तर बाजारपेठेतला जुना पाइप फुटतो, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण ज्या गल्लीत त्यांची बहीण राहायची तिथं पाणी दहा मिनिटं जास्त चाले आणि ज्या गल्लीत कुणी त्यांना उलटं बोललेलं असे तिथं दहा मिनिटं कमी. हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणीच नसे, कारण बोलणाऱ्याची गल्ली कोणती हेही तात्यांना पाठ होतं.

अशा गावात एक तरुण नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून आला. शिकलेला इंजिनिअर, पुण्यात नोकरी करून परतलेला, हाताचा स्वच्छ. त्यानं आल्या आल्या जमाखर्चाची वही मागवली. घरपट्टी निम्मी वसूल होत होती, पाणीपट्टी त्याहून कमी. आलेल्या पैशाचा मोठा वाटा पगारात जात होता आणि पगाराच्या मानानं काम दिसत नव्हतं. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरायला वरून मंजुरी मिळत नव्हती, त्यामुळे उरलेल्यांना 'माणसं कमी आहेत' हे उत्तर कायमचं मिळालं होतं.

त्यानं सर्वसाधारण सभा बोलावली आणि सांगितलं, "अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या शेजारी सँडी स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. 2005 साली त्यांनी स्वतःची नवी नगरपालिका काढली. पोलीस आणि अग्निशमन एवढं स्वतःकडे ठेवलं आणि बाकीचा जवळजवळ सगळा कारभार एका खासगी कंपनीला ठेक्यानं दिला. त्यांची वस्ती आपल्या चौपट. त्यांना जमतं, तर आपल्याला का नाही जमणार?"

सदस्यांना कल्पना आवडली. एक जुने सदस्य तेवढे उठले. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, पाणी, सफाई आणि दिवाबत्ती ही पालिकेची कर्तव्यं आहेत. 1965 च्या आपल्या अधिनियमातच तसं लिहिलंय. कर्तव्य ठेक्यानं देता येतं का?"

मुख्याधिकाऱ्यांनी खुलासा केला, "कर्तव्य आपलंच राहतं, साहेब. काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं. कायदा त्याला आडवा येत नाही."

उत्तर बरोबर होतं. त्यातलं पहिलं वाक्य मात्र कुणी नीट ऐकलं नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला.

निविदा निघाली. जिल्ह्याच्या ठिकाणचा एक ठेकेदार आला. गोष्टीत ठेकेदार आला म्हणजे तो लबाड असणार असं आपण धरून चालतो. हा तसा नव्हता. कागदावर जे लिहिलेलं असेल ते करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा त्याचा धंदा. तो त्यानं चोख केला.

पहिलं वर्ष गावानं कौतुकात घालवलं. नव्या घंटागाड्या गाणं वाजवत दारात येऊ लागल्या. कामावरच्या पोरांच्या अंगावर नारिंगी जाकिटं आली. दिव्यांचं काम तर नजर लागण्यासारखं झालं. जुन्या नळ्या जाऊन एलईडी आले, वीजबिल उतरलं. करारात लिहिलं होतं की बंद दिवा 48 तासांत लागला नाही तर त्या खांबाचे पैसे कापायचे. दिवा लागलाय की नाही हे बघायला अधिकारी लागत नाही. शाळेतलं पोरगंही मोजून सांगतं. म्हणून दिवे लागत राहिले.

कचऱ्याचं तसं झालं नाही. करारात कचऱ्याचे पैसे टनावर ठरले होते. पालिकेच्या जुन्या मुकादम अक्कांना वजनकाट्यावर सही करायला बसवलं होतं. चार-सहा महिने सही करून झाल्यावर त्या मुख्याधिकाऱ्यांकडे गेल्या.

"साहेब, गाडीत वर कचरा असतो, खाली माती आणि पडक्या भिंतींचा राडारोडा असतो."

साहेबांनी करार काढला. त्यात 'गावातील कचरा उचलणे' एवढंच होतं. राडारोडा कचऱ्यात धरायचा नाही असं कुठंही नव्हतं.

"आणि बाया घरात ओला-सुका वेगळा करून देतात, तो गाडीत एकत्र होतो."

तेही खरं होतं. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगवेगळा घ्यायचा, हा घनकचऱ्याचा तेव्हाचा, 2016 चा केंद्राचा नियम साहेबांना पाठ होता. पण ओल्याचं खत झालं आणि सुकं भंगारात गेलं तर डेपोवर पोचणारं वजन कमी होणार. वजन कमी म्हणजे पैसे कमी. आपल्याच खिशाला भोक पाडणारं काम ठेकेदार कशाला करील? महिनाभरात गावातल्या बायांनी कचरा वेगळा करणं सोडून दिलं. गाडीत एकत्रच होणार असेल तर दोन बादल्या घासायच्या कशाला?

मग मार्चअखेर पालिकेचं अनुदान उशिरा आलं. पालिकेनं ठेकेदाराचं बिल थकवलं, ठेकेदारानं पोरांचा पगार थकवला. दोन महिने वाट बघून पोरं धरणं धरून बसली. कुठं बसली? ठेकेदाराच्या घरासमोर नाही. तो राहायला जिल्ह्याच्या ठिकाणी. ती बसली पालिकेच्या पायरीवर. नगराध्यक्ष म्हणाला, "तुम्ही आमचे नोकर नाही, त्यांच्याकडे मागा." मुख्याधिकाऱ्यांनी त्याला आत बोलावून हळूच सांगितलं की तेव्हा लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाला द्यावी लागते, मग ती ठेकेदाराकडून वसूल करायची. मूळ मालक म्हणजे पालिका. कर्तव्य आपलंच राहतं, या वाक्याचा अर्थ नगराध्यक्षाला त्या दिवशी पहिल्यांदा लागला.

पाण्याचं मात्र सगळ्यात शेवटी कळलं, कारण पाणी जमिनीखालून जातं.

पाण्याच्या करारात तीन गोष्टी मोजायच्या होत्या: पंप किती तास चालला, टाकीत ब्लीचिंग पावडर किती किलो पडली आणि कामावर माणसं किती होती. तिन्हींची रजिस्टरं होती, तिन्ही रोज भरली जात आणि कुठल्याही रजिस्टरात खोटं नव्हतं. तात्या ठेका सुरू झाला त्याच वर्षी निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. तात्यांनी चावी परत केली, तिची पोच घेतली. 34 व्हॉल्व्ह कुठं आहेत हे त्यांना कुणी विचारलं नाही. पालिकेला वाटलं ते ठेकेदार बघेल. ठेकेदाराच्या करारात व्हॉल्व्ह हा शब्दच नव्हता.

ठेकेदाराची पोरं दर चार महिन्यांनी बदलत. पगार इतका कमी होता की जरा बरं काम मिळालं की पोरगं जाई. नव्या पोराला जाणारा पोरगा टाकीजवळचे तीन मोठे व्हॉल्व्ह दाखवी. तेवढ्यावर भागत होतं. उरलेले 31 व्हॉल्व्ह जसे होते तसे राहिले. मधल्या काळात गावात रस्त्यांची कामं झाली. डांबराच्या थराखाली व्हॉल्व्हच्या झाकणांपैकी निम्मी गेली. रस्ता करणाऱ्याचा ठेका वेगळा, पाण्याचा वेगळा. झाकण वर उचलून घ्यायला सांगणारं मध्ये कुणीच नव्हतं.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात खालच्या आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. एका आठवड्यात ग्रामीण रुग्णालयाच्या खाटा भरल्या. डॉक्टरांनी नळाचं पाणी तपासायला सांगितलं. नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. खालच्या आळीतल्या पाण्यात चाचणीचं औषध टाकलं, तर रंग पिवळा व्हायला तयारच नव्हता. पावडर मात्र टाकीत रोज पडत होती, किलोच्या हिशेबानं, सहीनिशी.

कारण साधं होतं. पाणी एक दिवसाआड, तासभर. उरलेला वेळ पाइप रिकामा. रिकामा पाइप जिथं फुटलेला असेल तिथं बाहेरचं पाणी आत ओढून घेतो. खालच्या आळीत तो गटाराच्या कडेला फुटला होता.

फुटलेला तुकडा तेवढा बंद करायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायला हवेत. ते कुठं आहेत? ठेकेदाराच्या पोरांना माहीत नव्हतं. पालिकेतल्या कारकुनाला माहीत नव्हतं. नकाशा शोधला, तर योजना झाली तेव्हाचा एक निळा कागद सापडला. त्यानंतर गाव दुप्पट वाढलं होतं. शेवटी टाकीचाच मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि एका आळीतल्या भोकापायी सगळं गाव टँकरवर आलं.

नगराध्यक्ष स्वतः तात्यांच्या घरी गेला.

"तात्या, चला. गाव अडलंय."

तात्या मनात राग धरून होते, पण निघाले. पहिला व्हॉल्व्ह त्यांनी पिठाच्या गिरणीसमोर दाखवला. पहारीनं डांबर फोडलं, खाली झाकण निघालं. दुसरा मारुतीच्या पाराजवळ निघाला. तिसऱ्या जागी ते थांबले. इकडे गेले, तिकडे गेले. पूर्वी तिथं एक कडुलिंब होता, त्याच्यापासून चार पावलं असं त्यांचं माप होतं. रस्ता रुंद करताना कडुलिंब गेला होता. दिवसभर चार ठिकाणी खणलं. व्हॉल्व्ह सापडला नाही. शेवटी पाइप कापून बुच मारावं लागलं.

संध्याकाळी चिखलानं माखलेला नगराध्यक्ष म्हणाला, "तात्या, तीस वर्षांत एकदा तरी हे कागदावर उतरवून ठेवायचं होतं."

"मला कुणी सांगितलं नाही, साहेब," तात्या म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "आणि खरं सांगू? कुणी सांगितलं नाही तेच मला बरं वाटत होतं. कागदावर आलं असतं तर मला कोण विचारणार होतं?"

सुदैवानं त्या साथीत कुणी दगावलं नाही. पण नगराध्यक्षाची झोप उडाली. दोष ठेक्याला द्यावा, तर तात्यांचं बोलणं आठवे. ठेका नव्हता तेव्हाही गावाची जाण गावाकडे नव्हतीच. ती एका माणसाच्या डोक्यात होती. ठेका आला तेव्हा ती कुणाच्याच डोक्यात राहिली नाही, एवढाच फरक पडला.

मार्चात ठेका संपत होता. नव्या निविदेसाठी अंदाजपत्रक करायला घेतलं, तर पंपाला महिन्याला किती वीज लागते, गाड्यांना डिझेल किती, गॅसकेट किती महिन्यांनी बदलावं लागतं, हे सांगणारं पालिकेत कुणी उरलं नव्हतं. कारकुनानं फोन करून ठेकेदाराच्याच सुपरवायझरकडून आकडे घेतले आणि ते टाइप केले. निविदा उघडली. एकच आली होती, त्याच ठेकेदाराची, दर दीडपट.

नगराध्यक्षानं त्याला बोलावून घेतलं. "शेठ, हे फार होतंय."

ठेकेदार शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही ट्रॅक्टर विकले. माणसं निवृत्त झाली, ती भरली नाहीत. उद्या मी गाड्या घेऊन गेलो तर परवापासून कचरा कोण उचलणार? मी जास्त मागत नाही. तुमची जेवढी गरज आहे तेवढंच मागतोय."

यातही खोटं काही नव्हतं.

नगराध्यक्षानं निविदा लांबणीवर टाकली आणि शाळेच्या पटांगणात गावाची सभा बोलावली. सदस्य होते, बाया होत्या, ठेकेदाराची पोरं होती, तात्या मागे कोपऱ्यात होते. ठेकेदारालाही बोलावलं होतं आणि तो आला.

नगराध्यक्ष उभा राहिला. "तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला सँडी स्प्रिंग्जची गोष्ट सांगितली होती. तिचा पुढचा भाग ऐका. 2011 मध्ये त्यांनी एका कंपनीचा तो ठेका मोडून कामं वेगवेगळ्या कंपन्यांना वाटली आणि पैसे वाचवले. 2019 मध्ये पुन्हा हिशेब मांडला. बहुतेक कामं स्वतःची माणसं नेमून केली तर पाच वर्षांत सुमारे 1 कोटी 40 लाख डॉलर वाचतील असं निघालं. मग ती कामं त्यांनी परत घेतली. काही मात्र बाहेरच ठेवली."

"म्हणजे खासगी वाईट आणि सरकारी चांगलं, असंच ना?" एका दुकानदारानं विचारलं. "आम्ही आधीचं सरकारी पण बघितलंय."

"तसं नाही," नगराध्यक्ष म्हणाला. "त्यांना देताही आलं आणि परत घेताही आलं, कारण हिशेब त्यांच्या हातात होता. आपला हिशेब आपण ठेकेदाराच्या सुपरवायझरला फोन करून विचारतोय."

एक म्हातारे आबा काठी टेकत उठले. "हे सगळं नवं खूळ आहे. पूर्वी बारा बलुतेदार होते. सुगीला धान्याचा वाटा द्यायचा, वर्षभर काम व्हायचं. ना निविदा, ना धरणं. ते दिवस बरे होते."

मुकादम अक्का बसल्या जागेवरून बोलल्या, "ते दिवस वाड्यातून बरे दिसत होते, आबा. आमच्या घरातून नाही. तवा काम जातीनं वाटलं होतं, आता ठेक्यानं वाटतात. दोन्ही येळेला झाडू आमच्याच हातात, आणि पगार कुणी द्यायचा ह्याचा घोळ बी आमच्याच डोक्यावर."

आबा काही बोलले नाहीत. सभा थोडा वेळ गप्प होती.

मग एक शेतकरी सदस्य म्हणाला, "माझं निम्मं शेत मी बटईनं देतो. लाज नाही त्यात. माझ्यानं होत नाही म्हणून देतो. पण कुठल्या वाफ्यात पाणी साचतं, बी किती लागतं, खंडी किती निघायला पाहिजे हे मला ठाऊक असतं. म्हणून बटईदार मला फसवत नाही, आणि उद्या तो सोडून गेला तरी माझं शेत पड राहत नाही. ज्याला हे ठाऊक नाही, त्याचं शेत सातबाऱ्यावर त्याचं असतं, एवढंच."

अक्का म्हणाल्या, "मग कामागणिक तीन गोष्टी विचारा. काम झालं का नाही हे आपल्याला आपल्या डोळ्यांनी कळतं का? पैसे ज्या मापानं देतो, ते माप काम सुधारायला लावतं का बिघडवायला? आणि करणारा उद्या निघून गेला, तर ते काम येणारं गावात कोण आहे?"

शाळेतल्या गुरुजींनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले आणि एकेक काम त्यावर घासून बघितलं.

दिवे. झालं की नाही हे सगळ्यांना दिसतं. दिवा बंद तर पैसे बंद, म्हणजे माप बरोबर. एक ठेकेदार गेला तर वायरमन दुसराही मिळतो. तिन्ही प्रश्नांना उत्तर होतं. दिवे बाहेरच ठेवायचं ठरलं, आणि पुढच्या निविदेत ते याच ठेकेदाराला योग्य दरात मिळाले.

कचरा. उचलला की नाही हे दिसतं, पण माप चुकलेलं होतं. टनाऐवजी घरागणिक पैसे ठरवले: ज्या घरातून ओला-सुका वेगळा उचलला त्याचे पूर्ण, एकत्र उचलला तर कमी. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर काम करते. दारोदारचा कचरा नेणारेच तिथं संस्थेचे सभासद आहेत, हे मुख्याधिकाऱ्यांनी सांगितलं. तसंच इथंही करायचं ठरलं. ठेक्यावरच्या पोरांनी आणि अक्कांच्या ओळखीच्या बायांनी मिळून संस्था काढायची, तिला काम द्यायचं. गाड्या मात्र पालिकेच्या नावावर घ्यायच्या, म्हणजे उद्या संस्थेशी बिनसलं तरी गाव गाड्यांवाचून अडणार नाही.

पाणी. तिन्ही प्रश्नांवर पाणी नापास झालं. शुद्ध आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. पंपाच्या तासाचं माप पंप चालवायला लावतं, पाणी पोचवायला नाही. आणि एक दिवस ते थांबलं तर गाव थांबतं. पाणी पालिकेकडेच ठेवायचं ठरलं. रिकाम्या मंजूर पदांपैकी दोन फिटर भरायला परवानगी मागितली; पाठपुरावा करून ती मिळवली. पंपाची दुरुस्ती, मोटार गुंडाळणं, टाकी धुणं ही कामं मात्र लागतील तशी बाहेरून करून घ्यायची.

नगराध्यक्षानं आणखी एक अट घातली. तात्यांना सहा महिने मानधन द्यायचं आणि दोन्ही फिटरांनी त्यांच्याबरोबर फिरून सगळे व्हॉल्व्ह शोधायचे. प्रत्येक झाकण रस्त्याच्या पातळीला आणायचं, त्यावर नंबर टाकायचा, नकाशा करायचा. तो पालिकेत एक, टाकीवर एक आणि शाळेत एक असा लावायचा. कुठल्या आळीला किती मिनिटं पाणी, हेही त्याच्याखाली लिहायचं. दर महिन्याला खालच्या आळीतल्या शेवटच्या नळाचं पाणी शाळेतल्या मुलांसमोर तपासायचं.

तात्या उठले. "मिनिटं पण लिहायची?"

"मिनिटं पण," नगराध्यक्ष म्हणाला.

तात्यांनी मान डोलावली. 34 पैकी 31 व्हॉल्व्ह सापडले, तीन नवे बसवावे लागले.

एवढं झालं म्हणून गाव सुखी झालं असं समजू नका. फिटरांचा पगार आणि नवे व्हॉल्व्ह यांच्यासाठी पाणीपट्टी वाढवावी लागली, तेव्हा याच सभेतल्या निम्म्या लोकांनी मोर्चा काढला. कचरा संस्थेच्या पहिल्या वर्षात हिशेबावरून दोनदा भांडणं झाली आणि अक्कांना मध्ये पडावं लागलं. पाणी अजूनही एक दिवसाआडच येतं. तात्यांच्या बहिणीच्या गल्लीतली जादा दहा मिनिटं गेली आणि बहीण बरेच दिवस तात्यांशी बोलत नव्हती.

पण पुढच्या पावसाळ्यात खालच्या आळीत पुन्हा पाइप फुटला, तेव्हा नव्या फिटरनं नकाशा बघितला, सतरा आणि एकोणीस नंबरचे व्हॉल्व्ह बंद केले आणि बाकीच्या गावाला त्या दिवशीचं पाणी वेळेवर मिळालं. आणि पुढच्या वर्षी दिव्यांची निविदा निघाली तेव्हा अंदाजपत्रक पालिकेच्याच माणसानं केलं. तो खांब मोजून आला होता.

तात्पर्य : गावाचं काम ठेक्यानं देण्यात पाप नाही आणि पालिकेच्या नोकराकडून करून घेण्यात आपोआप पुण्यही नाही. काम दुसऱ्याला देता येतं. त्याची जाण, त्याचा हिशेब आणि त्याची जबाबदारी देता येत नाही. ज्या गावानं ही तीन स्वतःकडे ठेवली, त्याला ठेका देताही येतो आणि मोडताही येतो. ज्यानं ती सोडली, त्याला दोन्ही करता येत नाही.

तुमच्या गावातही असा ठराव कधी ना कधी येईल. तेव्हा ठेकेदार कोण आहे हे नंतर विचारा. आधी अक्कांचे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.